सहा महिन्यांचा शिधा

क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. गोळ्या पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रातून फुकट मिळतात. पण गोळ्यांना साथ द्यायला ताटात काहीतरी हवे, आणि नवी मुंबईतल्या दिघा, इलठणपाडा, यादवनगर, चिंचपाडा या पट्ट्यात घरातला कमावता माणूसच आजारी पडला की आधी डाळ पातळ होते, मग अंडी बंद होतात, मग दूध फक्त चहापुरते येते. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, याच पट्ट्यात राहते. वीस-बावीस कुटुंबे, कोणी मूळचे नगरकडचे, कोणी जालन्याचे, कोणी मिरजेचे. स्वतःची इमारत नाही, रविवारची उपासना भाड्याच्या हॉलमध्ये होते. एवढ्या लहान मंडळीने शेजारच्या क्षयरुग्णांच्या शिध्याची जबाबदारी घेतली तर काम कसे चालते, कुठे अडते आणि मंडळीच्या विश्वासाच्या जीवनात त्यामुळे काय बदलते, ते इतर लहान मंडळ्यांसाठी लिहीत आहोत.

सगळ्यात आधी संख्या ठरवायची. बैठकीत उत्साहाने दहा-बारा रुग्णांचा आकडा पुढे येतो. तो खाली आणावा. आमचा नियम असा की एका रुग्णाचे पूर्ण सहा महिन्यांचे पैसे निधीत जमा झाल्याशिवाय त्याचे नाव घ्यायचे नाही. रुग्ण आणि त्याचे घर धरून महिन्याला साधारण दीड हजार रुपये लागतात, म्हणजे एका रुग्णामागे नऊ हजार. याचे कारण हिशेबापेक्षा मोठे आहे. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, माणसाला बरे वाटू लागते आणि तो कामावर जायच्या घाईत गोळ्या सोडतो. मंडळीचा उत्साहही नेमका तेव्हाच ओसरतो. शिधा आणि गोळ्या एकाच महिन्यात थांबल्या तर आजार उलटू शकतो, आणि अर्धवट उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षय उभा राहतो. तीन रुग्णांना शेवटपर्यंत धरून ठेवणे हे बारा जणांना दोन महिने शिधा देण्यापेक्षा कितीतरी चांगले. लहान मंडळीला हे जमते, कारण तिथे कोण पुढे येणार हे सगळ्यांना ठाऊक असते.

माणसे निवडताना आम्ही बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय सावकाश वाचला. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते अशी कुरकुर निघाली, तेव्हा यरुशलेमेतल्या मंडळीने सात जण नेमले, आणि स्तेफन, फिलिप्प धरून त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची आबाळ होत होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप गेले. म्हणून आमच्या गटात वडीलमंडळींपैकी, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांपैकी, एकच आहे. बाकीच्यांपैकी कोणाच्या घरात क्षयरोग येऊन गेला आहे, तर कोणी त्याच वस्तीत राहते. चांगली प्रार्थना करणारा हवा हे खरे, पण त्याआधी वही नीट ठेवणारा आणि तोंड बंद ठेवणारा हवा.

नोंदणीचे काम सोपे आहे. केंद्र सरकारच्या क्षयमुक्त भारत अभियानात सप्टेंबर २०२२ पासून 'नि-क्षय मित्र' ही सोय आहे. व्यक्ती, कंपनी, संस्था, धार्मिक मंडळी, कोणीही नि-क्षयच्या संकेतस्थळावर नाव नोंदवते, आपला भाग निवडते, किती काळ मदत करणार ते सांगते (कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षे) आणि पोषण, तपासणी की रोजगार यांपैकी कशात मदत करणार ते नमूद करते. पुढचा संबंध आरोग्य केंद्रातल्या क्षयरोग कर्मचाऱ्याशी येतो. त्याला सगळे टीबीएचव्ही (टीबी हेल्थ व्हिजिटर) म्हणतात. ज्या रुग्णांनी बाहेरची मदत घ्यायला संमती दिली आहे त्यांचीच नावे मिळतात. यादी मिळायला वेळ लागला तर चिडू नये. त्या माणसाकडे मोठा विभाग असतो, आणि नाव जपून देणे हेच त्याचे काम आहे. संमतीशिवाय, ओळखीतून कळलेल्या नावावर मंडळीने थेट घरी जाऊ नये.

शिध्याची सरकारी मार्गदर्शक यादी प्रौढ रुग्णासाठी महिन्याला अशी आहे: धान्य किंवा भरडधान्य ३ किलो, डाळी दीड किलो, तेल २५० ग्रॅम, आणि १ किलो शेंगदाणे किंवा दूध पावडर. यादी बरोबर आहे, पण ती एका माणसाची आहे. पाच जणांच्या घरात तीन किलो तांदूळ चार दिवसांत संपतो आणि त्यातला रुग्णाच्या ताटात जेमतेम पाचवा हिस्सा येतो. आई आजारी असेल तर तेवढाही येत नाही, ती सगळ्यांना वाढून उरलेले खाते. इथे आईला उपदेश करून काही होत नाही, पिशवी मोठी करावी लागते. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रेशन्स' अभ्यासात रुग्णाला महिन्याला १० किलोचा शिधा दिला होता, आणि एका गटात घरातल्या प्रत्येक माणसालाही ५ किलो तांदूळ व दीड किलो डाळ दिली. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. आम्हाला दर माणशी तेवढे परवडत नाही. म्हणून आम्ही रुग्णाचा वाटा वेगळा आणि घराचा वाटा वेगळा अशा दोन पिशव्या करतो. घराच्या पिशवीत तांदूळ आणि तूरडाळ. रुग्णाच्या पिशवीत असे पदार्थ, जे साधारणपणे एकट्याने खाल्ले जातात: शेंगदाणे, भाजलेले चणे, अंडी, थोडी नाचणी.

दूध पावडर आम्ही वगळली. ती चहात जाते, आणि पाणी उकळून घेतले नाही तर पोट बिघडते. एक किलो शेंगदाणे म्हणजे दिवसाला सुमारे ३३ ग्रॅम, एक मूठ. त्यातून आठेक ग्रॅम प्रथिने मिळतात, एका अंड्यातून सहा. महिन्याला ३० अंडी द्यायची तर एकदम ट्रे देऊ नये. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये अंडी लवकर खराब होतात, आणि ट्रे दिसला की शेजारपाजारची मुलेही येतात, त्यांना नाही म्हणता येत नाही. पंधरा-पंधरा करून दोनदा द्यावीत. अंडे न खाणाऱ्या घरी तेवढ्या किमतीचे चणे आणि मूग. शेंगदाण्यांचे दुखणे पावसाळ्यात सुरू होते. जून ते सप्टेंबर दाणे ओलसर होतात, त्यांना बुरशी धरते, आणि त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते. क्षयाच्या गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असतो. म्हणून पोते उघडून दाणे फोडून बघायचे, एखादाच चावून बघायचा. खवट किंवा कडू लागला तर पोते परत. त्या चार महिन्यांत आम्ही निम्मे दाणे कमी करून भाजलेले चणे वाढवतो. मधुमेहाची जोड असलेल्या रुग्णाला गुळाची चिक्की देऊ नये. क्षय आणि मधुमेह एकत्र असणे या भागात अजिबात दुर्मीळ नाही. तेल अर्ध्या लिटरच्या सीलबंद पिशवीत द्यावे, मोठा डबा फोडून सुटे भरू नये.

खरेदी वाशीच्या एपीएमसीतल्या दाणा मार्केटमध्ये. २५ किलोपर्यंतच्या छापील सीलबंद पिशवीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणून व्यापारी २६ आणि ३० किलोची पोती ठेवतात. ३० किलोचेच घ्यावे. सकाळी लवकर जावे, दोन गाळ्यांत भाव विचारावा आणि पोत्याच्या तळाकडचा नमुना बघावा, वरचा नाही. तीन-चार रुग्णांसाठी टेम्पो करण्यात अर्थ नाही, मंडळीत कोणाची रिक्षा किंवा गाडी असतेच.

आता मूठभर तांदळाबद्दल, कारण मंडळीचा खरा सहभाग तिथून सुरू झाला. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका १९१० पासून 'बुहफाई थाम' पाळतात: स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ बाजूला ठेवायची आणि ती मंडळीला द्यायची. आमच्या महिला मंडळाने हीच रीत धरली. घरोघरी झाकणाचा एक डबा, दिवसाला एक मूठ, म्हणजे अंदाजे ५० ग्रॅम. वीस घरांनी नेम पाळला तर महिन्याला ३० किलो होतात. प्रभुभोजनाच्या रविवारी डबे येतात, वजनकाट्यावर एकत्र वजन होते, कोणाचा किती हे कोणी लिहीत नाही.

अडचण लगेच समोर येते. एका घरचा कोलम, दुसऱ्याचा बासमती तुकडा, तिसऱ्याचा रेशनचा, चौथ्याचा उकडा. एकत्र शिजवला तर अर्धा गिजका, अर्धा कच्चा. पावसाळ्यात एका डब्यातले सोनकिडे सगळ्या पोत्यात जातात. असा तांदूळ आजारी माणसाला द्यायचा का, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. करिंथकरांस पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय तेव्हा वाचला गेला. तिथे एकाच मेजावर एकजण भुकेला राहतो आणि दुसरा तृप्त होतो, यावर पौल कडक शब्दांत बोलतो. ठरले असे: एकत्र झालेला तांदूळ मंडळीने घ्यायचा, आणि रुग्णाला बाजारातला एकसारखा, स्वच्छ कोलम द्यायचा. मंडळीचा तांदूळ निवडून, चाळून महिन्याच्या प्रीतिभोजनाला मऊ खिचडी होते, उरलेला घरटी वाटून घेऊन तेवढ्याचे पैसे निधीत पडतात. मुठीचा हिशेब बरोबर राहतो आणि चांगले ते शेजाऱ्याच्या घरी जाते. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात शेताच्या कडा गरिबांसाठी सोडायची आज्ञा आहे. ऐरोलीच्या सातव्या मजल्यावर शेत कुठून आणायचे? पण रोज तांदूळ काढताना हात एकदा थांबतो, तेवढ्यापुरती ती आज्ञा त्या घरात पाळली जाते. मुलांनाही डबा भरताना शेजाऱ्याची आठवण होते, आणि रविवार शाळेत ते प्रश्न विचारतात.

उरलेला निधी दानार्पणातून आणि कापणीच्या सणाच्या लिलावातून येतो. त्याची वही वेगळी ठेवावी, प्रत्येक पावतीवर दोन सह्या असाव्यात, आणि दर तिमाहीला हिशेब सर्वांसमोर वाचावा. परदेशातले नातेवाईक पैसे पाठवतो म्हणतात तेव्हा सांभाळावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाचे दान एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले चालते.

एमआयडीसीतले बरेच कामगार एकटे असतात. सहा-आठ जण एका खोलीत, चूल नाही, दोन वेळचे जेवण खानावळीत. त्यांना डाळ-तांदळाची पिशवी म्हणजे ओझे, ती ते गावी पाठवतात किंवा विकतात. त्यात त्यांचा दोष नाही. अशा रुग्णाच्या संमतीने खानावळीच्या मावशींकडे महिन्याचे पैसे भरून रोज एक वाटी जादा डाळ आणि एक उकडलेले अंडे ठरवून घेतो. आजाराचे नाव मावशींना सांगत नाही, अशक्तपणा आहे एवढे पुरे. खाणीत किंवा दगडाच्या कामावर असलेल्या रुग्णांची जास्त काळजी घ्यावी लागते, दगडाच्या धुळीने फुफ्फुस आधीच खराब झालेले असते.

पिशवी साधी, किराणा दुकानाची. तिच्यावर मंडळीचे नाव नाही, वधस्तंभ नाही, आत पत्रिका नाही. फोटो नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको असे प्रभू सांगतो, ते आम्ही शब्दशः घेतले. याला व्यावहारिक कारणही आहे. नव्या लग्नाच्या मुलीला क्षय झाला हे चाळीत कळले तर तिला माहेरी धाडले जाते. एखाद्या घराला वाटले की शिध्यामागे धर्म बदलायची अपेक्षा आहे, तर ते घर शिधा नाकारील आणि भीतीने आरोग्य केंद्रातही जायचे टाळील. मग नुकसान उपचाराचे होईल. रुग्ण हिंदू, बौद्ध, मुसलमान, कोणीही असतो. कोणी आपणहून विचारले, तुम्ही हे का करता, तर खरे उत्तर द्यावे: येशूने आम्हाला असे करायला सांगितले आहे. प्रार्थना करा म्हणाले तरच तिथे प्रार्थना करावी, लहान, त्यांना समजेल अशी. नाहीतर ती आपल्या घरी करावी.

प्रार्थना आणि गोळ्या यांच्या बाबतीत मंडळीने ठाम राहायला हवे. बाहेरचा एखादा उपदेशक येतो, डोक्यावर हात ठेवतो, आता तू बरा झालास म्हणतो, आणि माणूस गोळ्या बंद करतो. हे जीवघेणे आहे. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी वडिलांनी प्रार्थना करावी असे आहेच, आणि आम्ही ती करतो. पण यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजाला देवाकडून बरे होण्याचे वचन आणले, आणि त्याच प्रसंगी अंजिरांची ढेप गळवावर बांधायला सांगितली. पौल तीमथ्याला त्याच्या पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला मिशनचे क्षयरोग्यांचे रुग्णालय होते, तिथे प्रार्थना आणि औषध एकाच छताखाली चालत. बरे झाल्याची साक्ष मंडळीत द्यायची तर ती शेवटची थुंकी-तपासणी होऊन डॉक्टरांनी उपचार पूर्ण झाल्याचे सांगितल्यावरच, असा पाळकसाहेबांचा नियम आहे, आणि तो सगळ्यांवर सारखा आहे.

भेटीला दोघांनी जावे, बाईकडे बायकांनी. कामाच्या पाळ्या बघून वेळ ठरवावी. बसायचे ते दाराशी किंवा बाहेर, खिडकी उघडी. भेटीला जाणाऱ्यांत ज्यांना मधुमेह आहे, जे फार वयस्कर आहेत किंवा ज्यांच्या कडेवर लहान मूल आहे, त्यांना पाठवू नये. औषधे नीट चालू झाली की काही आठवड्यांत संसर्ग बराच उतरतो. क्षय हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. म्हणून रुग्णाची भांडी वेगळी काढलेली दिसली तर हे घरच्यांना हळूच सांगावे, आणि त्यांच्या घरचे पाणी आपण प्यावे. त्याने जे होते ते सांगून होत नाही. लघवी लालसर-नारिंगी होणे हा रिफाम्पिसिनचा परिणाम आहे, घाबरायचे कारण नाही. पण उलट्या, डोळे पिवळे होणे, नजर कमी होणे यांतले काही दिसले तर आपण सल्ला न देता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. घरातल्या इतरांना प्रतिबंधक उपचार मिळतो, त्याची चौकशी करायला त्यांना आठवण द्यावी.

वजन दर महिन्याला घ्यावे: एकाच काट्यावर, सपाट फरशीवर, चपला काढून. दोन महिन्यांत पाच टक्के वाढ ही चांगली खूण आहे. ४० किलोचा माणूस ४२ वर यावा. झारखंडच्या त्याच अभ्यासातल्या रुग्णांत अशी वाढ झालेल्यांचे मृत्यूचे प्रमाण ६१ टक्क्यांनी कमी होते. वजन वाढत नसेल तर शिधा कुठे जातो ते प्रेमाने विचारावे, दारूबद्दलही, आणि टीबीएचव्हीला कळवावे. सरकारकडून नि-क्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी ५०० होते). खाते आधारशी जोडलेले नसल्याने ते अनेकदा अडकतात. बँकेत सोबत जाऊन हे काम करून देणारा एक तरुण मंडळीत असला, तर तेवढी एक सेवा कित्येक पिशव्यांच्या बरोबरीची ठरते.

मंडळीत काय बदलते? शुक्रवारच्या घरसभेत प्रार्थनेचे विषय बदलले. पूर्वी 'सर्व आजाऱ्यांसाठी' अशी एका वाक्यात उरकणारी प्रार्थना होई. आता नाव न घेता, 'तिसऱ्या महिन्यातल्या भावासाठी, त्याने गोळ्या सोडू नयेत', अशी होते. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायातला भाग आता कोणी झटपट वाचत नाही. उघड्या-उपाशी भावाला नुसते 'सुखाने जा' म्हणण्यात काय लाभ, असा तो प्रश्न आहे. जे कधी उभे राहून बोलले नाहीत, ते काटा धरतात, पोते निवडतात, वही लिहितात, आणि त्यांच्या शब्दाला वजन आले आहे. उपवासकाळात उपवास करणाऱ्या घरांनी वाचलेल्या जेवणाचे पैसे याच निधीत टाकायला सुरुवात केली. ते कोणी सांगितले नव्हते.

रुग्ण मध्येच गावी जातो. होळी, गणपती, मे महिना. त्याला अडवू नये, पण जाण्यापूर्वी टीबीएचव्हीला सांगून उपचार तिकडच्या केंद्रात हलवून घ्यावा आणि त्या महिन्याचे दाणे-चणे बांधून द्यावेत. सहा महिने संपले की शिधा आणखी एक महिना चालू ठेवतो, कारण पहिला पगार हातात यायला तेवढा वेळ लागतो. उपचारानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणी असते, तिची तारीख आमच्या वहीत असते आणि आदल्या आठवड्यात फोन जातो. उपचार लांबला, औषधे बदलली, तर तो रुग्ण यादीतून काढायचा नाही, नवे नाव पुढे ढकलायचे. निधीत पुढचे नऊ हजार जमले की आरोग्य केंद्राला कळवायचे: एका माणसाची जागा झाली आहे.